बरगे घालशील तेव्हा

बाळा, पाणी वापर संस्थेत तुझं नाव लागलं हे ऐकून जीव सुखावला. नदीत खडे मारून पाणी किती खोल ते सांगणारा तू, आता अख्ख्या गावाचं पाणी राखणार! आपला बंधारा कोल्हापुरी पद्धतीचा – खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे लोखंडी फळ्या, बसवून पाणी अडवायचं. वर राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी चढलं की ते आपणहून उघडतात. आपले बरगे मात्र माणसानं घातले तर बसतात आणि माणसानं काढले तरच निघतात. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

१. कागदावर रब्बी १५ ऑक्टोबरला सुरू होते, पण बरगे नदीकडं बघून घाल – परतीच्या पावसाला पंचांग नसतं.

२. फार थांबूही नकोस – धार बारीक झाल्यावर अडवायला गेलास तर बंधाऱ्यामागचा फुगवटा भरतच नाही, आणि गव्हाच्या दुसऱ्या पाण्यालाच मोटारी हवा ओढायला लागतात.

या दोन्हींच्या मधले आठ-दहा दिवस ओळखणं हेच खरं काम. एका वर्षी मी दसऱ्याआधीच सगळे गाळे बंद केले. पिकांची काळजी होती, पण घाई झाली. चौथ्या रात्री वर पाऊस कोसळला. पहाटे बघतो तर जलपर्णी, ओंडके, पाचट सगळं बरग्यांना येऊन थटलेलं. पाण्याच्या दाबानं एकही बरगा जागचा हलेना. नदीनं मग बाजूनं वाट काढली आणि काठावरचा शेजाऱ्याचा उभा ऊस मातीसकट नेला. ती जमीन पुन्हा भरून आली नाही. आजही त्या वळणावरून जाताना माझी मान खाली जाते.

३. म्हणून गाळे एकदम बंद करू नकोस. आधी खालचे बरगे बसव, चार दिवस वरचं आभाळ आणि धरणाचा विसर्ग बघ, मग वरचे – अर्धा भरलेला बंधारा सावरता येतो.

४. बरगा उतरवण्याआधी खाच आणि तळ हातानं चाचपून साफ कर – तळाशी सुपारीएवढा दगड अडकला तरी वरचे सगळे बरगे तिरके बसतात.

५. बरग्यांच्या फटी बुजवणारी रबराची पट्टी दरवर्षी तपास, फाटली असेल तर बदल – एक क्युसेक गळती म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेचोवीस लाख लिटर पाणी. थेंबाची कदर केली तर डोह टिकतो. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन रांगा लावून मध्ये चिकणमाती ठेचायचो. ती भिजली की फटी आपोआप मिटायच्या.

६. खांबावर रंगाची खूण कर आणि पातळी रोज एकाच वेळी, पहाटे, वहीत लिही – रात्रीच्या विजेवर किती मोटारी चालल्या ते ती बोटभर उतरलेली रेघ सांगते. ‘डोळ्यानं मोजलं ते दुपारी विसरलं’ असं मी तुझ्या काकूलाही सांगतो.

७. वरच्या धरणातून पाण्याचं आवर्तन सुटणार असेल तर फुगवटा पार आटू देऊ नकोस – कोरडी वाळू आधी स्वतः पिते, मग शेताला देते.

८. आवर्तनाचं पाणी आलं की एका-दोन गाळ्यांचे वरचे बरगे काढून खालच्या गावाचा वाटा जाऊ दे – त्यांचंही पीक आपल्यासारखंच उभं आहे, आणि वरच्या बंधाऱ्यानं आपल्याशी तसंच वागावं असं आपल्यालाही वाटतं. हे कुणी मागायच्या आधी कर.

९. पाणी सोडण्याआधी घाटावर, जनावरांना पाणी पाजणाऱ्यांना आणि खालच्या गावाला निरोप धाड – नदीपात्रात बसलेलं पोर कुणाचंही असू शकतं.

१०. बंधाऱ्यावर एकटा जाऊ नकोस. जोडीदार हवा, कमरेला दोर हवा, आणि अंधार पडला तर काम उद्यावर – शेवाळाला पोहणारा आणि न पोहणारा दोघे सारखेच.

११. मृग लागायच्या आधी शेवटचा बरगा काठावर आलेला असू दे, जरी वर हातभर पाणी शिल्लक दिसलं तरी – त्या हातभर पाण्याच्या लोभानंच पहिल्या पुरात बंधारे अडकतात. काढताना मोज, प्रत्येकावर गावाचं नाव नि नंबर रंगव, पुराच्या रेघेच्या वर असलेल्या खोलीत कुलपात ठेव – लोखंड भंगारात जायला एक रात्र पुरते, नवं मंजूर व्हायला हंगाम जातो.

माझ्या रोजवह्या माळ्यावरच्या निळ्या पेटीत आहेत. रविवारी जेवायलाच ये आणि घेऊन जा. ज्या वर्षी पाऊस लवकर उघडला, त्या पानांना मी दोरा बांधून ठेवलाय.