संगणकावरील दप्तर : नवी आवृत्ती घेताना जुन्या नोंदींची काळजी

कार्यालयातील कपाट बदलले तरी दप्तर बदलत नाही. जुन्या कपाटातील बासने नव्या कपाटात जशीच्या तशी ठेवता येतात. संगणकावरील दप्तराचे मात्र तसे नाही. ते वाचावयाचे तर ज्या सॉफ्टवेअरवर ते तयार झाले ते, किंवा ते ओळखणारे दुसरे सॉफ्टवेअर हाताशी असावे लागते. म्हणून ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही असो, शाळेचे जनरल रजिस्टर असो की तालुका कार्यालयातील लाभार्थ्यांची यादी असो, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलताना पूर्वतयारी आवश्यक ठरते.

आवृत्ती का बदलावी लागते?

सॉफ्टवेअर तयार करणारी कंपनी प्रत्येक आवृत्तीसाठी ठराविक काळापर्यंतच सुरक्षाविषयक दुरुस्त्या पुरविते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१० च्या आवृत्तीसाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२० रोजी, तर २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांसाठी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदत संपली म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडते असे नाही. ते पूर्वीप्रमाणेच चालते. परंतु त्यात पुढे आढळणारे दोष दुरुस्त होत नाहीत आणि बाहेरून आलेल्या एखाद्या फाइलमधून संगणकात शिरकाव होण्याचा धोका वाढतो. इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर अशी आवृत्ती वापरीत राहणे योग्य नव्हे.

फाइलचे स्वरूपही बदलते

ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीपासून फाइल साठविण्याची पद्धतच बदलली. त्यापूर्वी वर्डची फाइल ‘डीओसी’ व एक्सेलची फाइल ‘एक्सएलएस’ या स्वरूपात साठविली जाई. नंतर ‘डीओसीएक्स’ व ‘एक्सएलएसएक्स’ ही स्वरूपे आली. जुन्या एक्सेल स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात. नव्या स्वरूपात १०,४८,५७६ ओळी मावतात.

हा फरक किती महाग पडू शकतो, हे इंग्लंडमध्ये २०२० साली दिसून आले. तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोरोना तपासणीचे निकाल जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपाच्या फाइलींत घेतले जात होते. ओळींची मर्यादा संपल्यावर उरलेल्या नोंदी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत आली नाही आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबणीवर पडला. नवी आवृत्ती उपलब्ध असूनही फाइलीचे जुने स्वरूप चालू ठेवले, तर जुन्या मर्यादाही चालू राहतात, हा यातील धडा होय.

मराठी मजकुराचा प्रश्न

मराठी दप्तराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक फॉन्टांत संगणक रोमन अक्षरांचे संकेत साठवीत असे. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरी रूप देई. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी साठविलेले अक्षर रोमन ‘डी’ असते. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास संपूर्ण यादी अर्थहीन रोमन अक्षरांची दिसते. ऑफिसची आवृत्ती बदलल्याने हा मजकूर आपोआप युनिकोडमध्ये जात नाही. त्यासाठी रूपांतराचे वेगळे साधन वापरावे लागते. रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांची जागा चुकू शकते. वारसाच्या नावातील एक मात्रा चुकली तरी पुढे दाखल्यासाठी त्या कुटुंबास हेलपाटे पडतात. म्हणून रूपांतरित मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहणे अनिवार्य समजावे.

करावयाची कार्यवाही

१. प्रथम सर्व फाइलींची यादी करावी. फाइल कोणत्या आवृत्तीत व कोणत्या फॉन्टमध्ये तयार झाली, तीस संकेतशब्द आहे काय, याची नोंद घ्यावी.

२. सर्व फाइलींच्या दोन प्रती काढाव्यात व त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावी. वापरातील फॉन्टांच्या फाइलीही सोबत ठेवाव्यात.

३. नवी आवृत्ती प्रथम एकाच संगणकावर बसवावी. निरनिराळ्या प्रकारच्या निवडक फाइलींच्या प्रती तीत उघडून बेरजा, सूत्रे, तक्ते व छपाई तपासावी.

४. मूळ फाइलीवरच नवे स्वरूप चढवू नये. रूपांतरित प्रत वेगळ्या नावाने साठवावी.

५. रूपांतरापूर्वीची व नंतरची ओळींची संख्या आणि रकमेची एकूण बेरीज जुळली पाहिजे. न जुळल्यास काम तेथेच थांबवावे.

६. कायम जतन करावयाच्या अभिलेखाची एक प्रत पीडीएफ-ए या दीर्घकालीन जतनासाठी ठरविलेल्या स्वरूपात ठेवावी.

जुनी आवृत्ती केव्हा काढावी?

पडताळणी पूर्ण होईपर्यंत जुनी आवृत्ती पुसू नये. दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर ठेवावयाच्या असल्यास जुनी आधी व नवी नंतर बसवावी. तथापि, जुनी आवृत्ती इंटरनेटला न जोडलेल्या स्वतंत्र संगणकावर ठेवणे अधिक श्रेयस्कर. तिची मूळ सीडी व परवाना क्रमांक जडवस्तू नोंदवहीतील नोंदीसोबत सांभाळावा. नवा परवाना घेणे शक्य नसेल तेथे लिब्रेऑफिस हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरता येते. ते जुनी व नवी दोन्ही स्वरूपे उघडते. मात्र पानांची मांडणी व मॅक्रो तपासून घ्यावे लागतात.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचिबद्ध करून, माहिती सहज मिळेल अशा रीतीने ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ‘फाइल आहे, पण उघडत नाही’ या उत्तराने ते कर्तव्य पार पडत नाही. संगणक बसवून देणारा तंत्रज्ञ आपले काम आटोपून निघून जातो. दप्तराची जबाबदारी कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडेच राहते. म्हणून पडताळणीच्या नोंदीवर स्वाक्षरी झाल्यानंतरच जुनी आवृत्ती काढण्यास अनुमती द्यावी.