जुन्या सायकलीचे आटे

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे कर्वेनगरात २०१७ साली सुरू झालेले विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय पाहिल्यावर घरच्या अडगळीतली रॅले दुरुस्त करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु पेडलांचा आस ज्यांत फिरतो, त्या बी.बी. कपांपाशी हे काम हमखास अडते.

इंग्लंडमधील बहुतेक कारखाने कपांना इंचास २४ आटे पाडीत. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र आपले २६ आटे दीर्घकाळ जपले. व्यास जवळजवळ सारखाच असल्याने बाजारातला नवा कप एक-दोन वेढे बसतो आणि मग आवळतो. येथे पान्ह्याला जोर दिला, की सांगाड्याचेच आटे कापले जातात. म्हणून दोन्ही कप आधी एकमेकांना टेकवून उजेडात धरावेत. आटे परस्परांत बसले नाहीत, तर तो कप परत करावा.

मूळ कप रॉकेलने भिजवून सोडवावा. साखळीच्या बाजूचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावे. पुष्कळदा केवळ छर्रे बदलून भागते. न भागल्यास जुन्या बाजारात मोडीतली रॅले शोधावी. नुसत्या कपांसाठीही ती घेण्याजोगी असते.