क्रॉनला पाथ का सापडत नाही?

प्रश्न : बॅकअपच्या स्क्रिप्टसाठी क्रॉनटॅबमध्ये वर दोन व्हेरिएबल लिहिली : पहिल्यात मूळ फोल्डर, दुसऱ्यात पहिल्याचा आधार घेऊन आजच्या बॅकअपचा पाथ. हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते, रात्री दोनला मात्र 'फोल्डर नाही' म्हणते. चूक कुठे?

उत्तर : दुसऱ्या ओळीत. क्रॉनटॅब शेलसारखा दिसतो, पण शेल नाही. तिथल्या व्हेरिएबलच्या किमतीत डॉलर चिन्ह असलं, तर क्रॉन ते उलगडत नाही. अक्षरं जशीच्या तशी ठेवतो. म्हणजे तुमची स्क्रिप्ट खरोखरच डॉलरने सुरू होणाऱ्या नावाचं फोल्डर शोधते. होम फोल्डरमध्ये डोकावून पाहा, अशा विचित्र नावाचं एखादं तयारही झालेलं असेल!

माझा सल्ला : क्रॉनटॅबमध्ये फक्त वेळ आणि स्क्रिप्टचा पूर्ण पाथ ठेवा. व्हेरिएबल स्क्रिप्टच्या आत, पहिल्याच ओळींत. तारखेचं नावही तिथेच बनवा, कारण क्रॉनटॅबमधल्या कमांडमध्ये टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो. आधी उलटी तिरकी रेघ दिली तरच ते वाचतं.

पाथचं व्हेरिएबल वापरताना दुहेरी अवतरणात ठेवा, नाहीतर नावातली एक मोकळी जागा घात करते. आणि जुन्या फाइली पुसण्याआधी ते रिकामं नाही ना, हे तपासाच. 2015 साली लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग अ‍ॅपच्या स्क्रिप्टमध्ये पाथचं व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि काही जणांच्या सगळ्या फाइली पुसल्या गेल्या होत्या.