कुंपण शेत खातें तेव्हां

कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी? मनुष्याच्या देहांतही असा प्रसंग कधीं कधीं येतो. रोगजंतूंपासून आपलें रक्षण करण्यासाठीं ज्या पेशी सदैव सज्ज असतात, त्या कांहीं वेळां आपपर न ओळखतां स्वतःच्याच देहावर चालून जातात. सांध्यांवर हल्ला झाला तर एका प्रकारचा संधिवात होतो, त्वचेवर झाला तर सोरायसिस, आंतड्यांवर झाला तर जुनाट दाह. ह्यांस आपण आत्मप्रतिकाराच्या व्याधी म्हणूं. मेंदूच्या एका रोगाशीं त्यांचा कांहीं संबंध आहे काय, हा ह्या पाठाचा विषय आहे.

त्या रोगास फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. त्यांत कपाळामागील व कानशिलांमागील मेंदूचे भाग झिजत जातात. इ. स. १८९२ मध्यें प्राग येथील डॉ. आर्नोल्ड पिक ह्यांनीं अशा झिजेच्या एका रोग्याचें वर्णन केलें. हा रोग बहुधा ४५ ते ६५ ह्या वयांत जडतो. प्रारंभीं स्मरण बरेंचसें शाबूत असतें. बदलतो तो स्वभाव. मितभाषी गृहस्थ चारचौघांत अद्वातद्वा बोलूं लागतो. प्रेमळ बाप मुलाच्या आजारपणींही निर्विकार राहतो. दुसऱ्या एका प्रकारांत शब्दांचे अर्थच मावळतात. ‘अडकित्ता आणा’ म्हटलें, तर रोगी विचारतो, ‘अडकित्ता म्हणजे काय?’

आतां संबंध पाहूं. कांहीं कुटुंबांत हा रोग पिढीजात असतो. अशा कांहीं कुटुंबांत प्रोग्रॅन्युलिन नामक द्रव्याच्या जनुकांत दोष असतो, असें २००६ सालीं आढळून आलें. हें द्रव्य मज्जापेशींस जगवितें व दाहासही आवर घालतें. तें निम्म्यावर आलें म्हणजे मेंदूंतील रक्षक पेशींचा लगाम सुटतो. पुढें २०१३ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील संशोधकांनीं असे जनुकदोषी रोगी व शब्दार्थ हरपलेले रोगी तपासले. निरोगी माणसें व अल्झायमरचे रोगी ह्यांच्या तुलनेनें त्यांच्यांत सांध्यांच्या, त्वचेच्या व आंतड्यांच्या आत्मप्रतिकारी व्याधी अधिक आढळल्या. थायरॉइड ग्रंथीच्या व्याधी मात्र अधिक नव्हत्या.

येथें विद्यार्थ्यांनीं एक सावधगिरी बाळगावी. दोन पाहुणे एकाच दिवशीं घरीं आले, म्हणून एकानें दुसऱ्यास आणलें असें ठरत नाहीं; दोघांसही तिसऱ्याच कोणीं आमंत्रण धाडलें असेल. संधिवात झालेल्या बहुतेकांस हा रोग कधींच होत नाहीं. तेव्हां कोणीं घाबरून जाऊं नये. झीज थांबविणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. परंतु शोधास एक दिशा लाभली आहे.

शेवटीं आमचीच एक चूक सांगतों. आमच्या परिचयाचे एक वयस्क शिक्षक एकाएकीं उद्धट व बेपर्वा झाले. आम्हीं त्यांस गर्विष्ठ ठरवून त्यांच्याकडे जाणेंयेणें सोडलें. तो मेंदूचा विकार होता, हें फार उशिरां कळलें. तोंवर त्यांस आमचें नांवही उमगेनासें झालें होतें. मुलांनों, भल्या मनुष्याचा स्वभाव उतारवयांत अकस्मात् पालटला, तर त्यास दोष देण्यापूर्वीं वैद्याकडे न्यावें. एवढें जरी तुम्हीं ध्यानांत ठेविलें, तरी हा पाठ सार्थकीं लागला असें आम्हीं समजूं.