मुलांना हा इतिहास कसा सांगावा? कंबोडियाचा धडा



कंबोडिया हा बुद्धधम्माचा जुना देश. त्याच्या राजधानीत, नॉम पेन्ह येथे, तूल स्लेंग नावाची जागा आहे. ती मूळची शाळा. पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीने तिच्या वर्गांत कोठड्या बांधून तिचा तुरुंग केला. हजारो माणसे आत गेली. जिवंत वाचली ती मोजकीच. आज तेथे संग्रहालय आहे.

१७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात कंबोडियात सुमारे १७ लाख माणसे उपासमारीने, अतिश्रमाने, रोगाने आणि हत्येने मेली. शिक्षक वेचून मारले. भिक्खूंची चीवरे उतरवली, विहारांची कोठारे केली. चाम मुसलमान व व्हिएतनामी वंशाचे लोक यांचा संहार झाला. २०१८ साली न्यायालयाने उरलेल्या दोन नेत्यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले.

आता प्रश्न असा, की हे शाळेत शिकवावे कसे?

पहिली चूक १९८० नंतरच्या दशकात झाली. शत्रूविषयी द्वेष वाढावा म्हणून पाठ्यपुस्तकांत क्रौर्य रंगविले गेले. दुसरी चूक १९९१ च्या पॅरिस करारानंतर झाली. समेटाला बाधा नको म्हणून तो विषयच जवळजवळ गाळला. परिणाम काय झाला? आई उपासमारीची हकीकत सांगे आणि पोराला ती खोटी वाटे!

२००७ साली खांबोली दी या तरुण संशोधकाने या राजवटीचा इतिहास शाळांसाठी लिहिला. पुढे हजारो शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले. पण अडचण पुस्तकापुरती नव्हती. कित्येक शिक्षकांनी स्वतःच ते भोगलेले. एका बाकावर मेलेल्याचा नातू, तर शेजारच्या बाकावर मारणाऱ्याचा नातू. मग मार्ग कोणता?

१. आधी पुरावा, मग भावना. कागदपत्रे, छायाचित्रे व साक्षी यांवरून मुलांनी स्वतः पारखावे.

२. घरच्या वडीलधाऱ्यांना मुलांनी विचारावे आणि त्यांचे बोलणे लिहून घ्यावे.

३. बापाच्या पापाचे ओझे पोराच्या डोक्यावर देऊ नये. ‘कोणी केले?’ एवढ्यावर न थांबता ‘साधा माणूस मारेकरी कसा बनला?’ हे विचारावे.

भिक्खू महाघोसानंद यांचे सारे कुटुंब त्या काळात नष्ट झाले. तरी १९९२ साली त्यांनी थायलंडच्या सीमेवरून नॉम पेन्हपर्यंत शांतीची पदयात्रा नेली. मैत्री म्हणजे विसरणे नव्हे, हे त्यांनी पायी चालून दाखविले.

बंधूंनो, आपल्याही घरी मुले विचारतात, ‘आजोबांनी काय सोसले?’ काय सांगता तुम्ही? लाजेने लपवू नका आणि द्वेषाने पेटवूही नका. जे घडले ते, जसे घडले तसे सांगा. हेच सम्यक वाचेचे पालन होय.

चिंतनासाठी प्रश्न :
१. लपविलेला इतिहास मुलांचे कोणते नुकसान करतो?
२. वैर न वाढविता सत्य कसे सांगाल?