ॲन आर्बरमधलं बाळंतपण: बिल किती, खिशातून किती

पुण्यात प्रसूतिगृहात नाव नोंदवताना पॅकेज विचारतात: नॉर्मल किती, सिझेरियन किती, खोली कोणती. मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये हाच प्रश्न विचारला तर एक आकडा हाती लागत नाही. इथे हॉस्पिटलचा दर वेगळा, विमा कंपनीने त्याच्याशी ठरवलेला दर वेगळा आणि तुमच्या वाट्याला येणारी रक्कम आणखी वेगळी. तेव्हा दिवस राहिल्याचं कळलं की नोकरीच्या विम्याची पुस्तिका उघडायची आणि तीन आकडे लिहून ठेवायचे: डिडक्टिबल (विम्याने पैसे देण्याआधी तुम्ही भरायची रक्कम), को-इन्शुरन्स (त्यापुढच्या बिलातला तुमचा टक्क्यांतला वाटा) आणि वर्षभरात खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम.

पीटरसन-केएफएफच्या अभ्यासात २०१८ ते २०२० या काळातले मोठ्या कंपन्यांच्या विम्याचे आकडे तपासले होते. गर्भारपण, प्रसूती आणि नंतरची काळजी मिळून सरासरी खर्च १८,८६५ डॉलर निघाला. त्यातले २,८५४ डॉलर कुटुंबाच्या खिशातून गेले. सिझेरियनला एकूण २६,२८० आणि खिशातून ३,२१४. हे देशभराचे आणि काही वर्षांपूर्वीचे आकडे आहेत. आज एकूण खर्च यापेक्षा जास्तच धरा.

हिशेब कसा होतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. डिडक्टिबल २,००० डॉलर, को-इन्शुरन्स २० टक्के आणि विम्याने मान्य केलेलं बिल १५,०००. पहिले २,००० तुमचे, उरलेल्या १३,०००चे २० टक्के म्हणजे २,६०० तुमचे, एकूण ४,६००. आता कॅलेंडर बघा. बहुतेक योजनांत डिडक्टिबल १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतं. डॉक्टरांच्या नेहमीच्या तपासण्या आणि प्रसूती यांचं बिल बहुधा एकत्र आणि प्रसूतीनंतर लागतं, पण सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचण्या त्या त्या वेळी लावल्या जातात. म्हणजे जानेवारीत बाळ होणार असेल तर चाचण्यांनी जुन्या वर्षाचं डिडक्टिबल खाल्लेलं असतं आणि प्रसूतीला नव्या वर्षाचं पहिल्यापासून भरावं लागतं. तारीख आपल्या हातात नसते, योजना मात्र असते. कंपनीत शरद ऋतूत ओपन एनरोलमेंट, म्हणजे योजना निवडण्याची मुदत, येते तेव्हा हप्ता थोडा जास्त पण डिडक्टिबल कमी असलेली योजना पुढच्या वर्षासाठी घ्या. नवरा-बायको दोघं नोकरीत असाल तर दोघांच्या योजना समोरासमोर ठेवा. मिशिगनमध्ये हेल्थकेअर डॉट गव्हवरून विमा घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की नुसतं गर्भारपण हे अधेमधे विमा घेण्याचं कारण धरलं जात नाही. बाळाचा जन्म धरला जातो.

हॉस्पिटलचे पर्याय मुख्यतः दोन. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचं व्हॉन व्होइटलँडर विमेन्स हॉस्पिटल २०११मध्ये सुरू झालं. मॉट हे मुलांचं हॉस्पिटल त्याच इमारतीत असल्यामुळे जोखमीच्या गर्भारपणात मोठा आधार वाटतो. दुसरं ट्रिनिटी हेल्थ ॲन आर्बर, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सेंट जो. हॉस्पिटल तुमच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांच्या यादीत, आहे एवढ्यावर थांबू नका. डॉक्टर किंवा मिडवाइफ आणि चाचण्यांची प्रयोगशाळाही विचारा. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर नेटवर्कबाहेरचे निघाले तर येणाऱ्या जादा बिलापासून २०२२पासूनचा नो सर्प्रायझेस कायदा वाचवतो. बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या जनुकीय चाचणीची खात्री मात्र आधीच करा, आणि तिथला रोखीचा दरही विचारा. पुष्कळदा तो विम्याला लावलेल्या रकमेपेक्षा बराच कमी असतो.

बहुतेक योजनांत काही गोष्टी फुकट असतात आणि बायका संकोचाने त्या मागत नाहीत: वार्षिक स्त्रीरोग तपासणी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी, गर्भनिरोधन, २४ ते २८ आठवड्यांतली साखरेची पहिली चाचणी, स्तनपानाचा पंप. आपल्याकडच्या बायकांना गर्भारपणात मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून ही चाचणी टाळू नका. वार्षिक तपासणीत अंगावरून जास्त जातं किंवा पोटात दुखतं असं सांगितलं, तर त्या भागाचं वेगळं बिल लागू शकतं. पण तेवढ्यासाठी दुखणं लपवायचं मुळीच नाही. त्याचे पैसे वेगळे होतील का, एवढं विचारून घ्यायचं.

बाळाचं बिल वेगळं येतं, कारण जन्मल्या क्षणापासून ते स्वतंत्र पेशंट असतं. नोकरीच्या विम्यात नाव घालायला किमान ३० दिवस मिळतात आणि संरक्षण जन्मतारखेपासून लागू होतं. बारशाची किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाची वाट पाहत हे दिवस घालवू नका. बाळंतपणात मदतीला भारतातून येणाऱ्या तुमच्या आईचा प्रवासी विमा हा खर्चही धरा. गर्भवतीच व्हिजिटर व्हिसावर येणार असेल तर प्रवासी विम्यात बहुधा गर्भारपण वगळलेलं असतं. पॉलिसी घेण्याआधी बारीक अक्षरं वाचा.

उत्पन्न कमी असेल तर मिशिगनचं मेडिकेड गर्भवतींना दारिद्र्यरेषेच्या साधारण दुपटीपर्यंत मिळतं आणि बाळंतपणानंतर बारा महिने चालतं. २०२३पासून त्यात डूलाचा, म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या प्रशिक्षित मदतनिसाचा, खर्चही मिळतो. व्हिसावर असणाऱ्यांनी अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. विमा नसलेल्यांनी हॉस्पिटलकडून अंदाजपत्रक लेखी मागावं. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं, तर १२० दिवसांत तक्रार करता येते.

बिल आलं की लगेच कार्ड काढू नका. विमा कंपनीचं इओबी, म्हणजे विम्याने किती भरलं आणि तुमच्याकडे किती उरलं याचं पत्रक, येऊ द्या, तपशीलवार बिल मागा, दोन्ही जुळवा. मग हप्ते बांधून मागा आणि आर्थिक साहाय्याचा अर्जही मागा. ना-नफा हॉस्पिटलांना तशी योजना ठेवावीच लागते.

आणखी एक गोष्ट फुकट आहे. शेक-शेगडी आणि डिंकाच्या लाडवांनी अंग भरून येतं, पण रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर १-८३३-८५२-६२६२ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. ती चोवीस तास सुरू असते आणि दुभाषीही मिळतो. बाळंतिणीला फोन उचलणं जड जात असेल तर घरातल्या कुणी तिच्या शेजारी बसून नंबर लावावा.