कंत्राटे, लागेबांधे आणि व्हिएतनामचे युद्ध

ऑगस्ट १९६६ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात इलिनॉय राज्यातून निवडून आलेले एक चौतीस वर्षांचे रिपब्लिकन सभासद बोलावयास उभे राहिले. त्यांचा रोख व्हिएतनाममधील युद्धावर नव्हता. त्या युद्धाच्या निमित्ताने दिल्या गेलेल्या एका प्रचंड बांधकाम कंत्राटावर होता. विमानतळ, बंदरे, छावण्या, रुग्णालये आणि दारूगोळ्याची कोठारे बांधण्याचे काम चार कंपन्यांच्या एका संघाकडे सोपविण्यात आले होते. त्यांपैकी टेक्ससची 'ब्राउन अँड रूट' ही कंपनी आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे संबंध काय आहेत, आणि या कंत्राटाचे हिशेब कोणी नीट का तपासत नाही, असा त्यांचा सवाल होता. कंपनीचे प्रमुख जॉर्ज ब्राउन हे 'प्रेसिडेंट्स क्लब' या देणगीदारांच्या मंडळाचे सभासद होते. एक हजार डॉलर पक्षनिधीस दिले की त्या मंडळाचे सभासदत्व मिळे. प्रश्न विचारणाऱ्या या सभासदांचे नाव डोनाल्ड रम्सफेल्ड. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

जॉन्सन आणि ब्राउन बंधू यांचा स्नेह तेव्हा जवळजवळ तीस वर्षांचा जुना होता. १९३७ साली जॉन्सन प्रथम प्रतिनिधिगृहात निवडून आले, त्या वेळी ब्राउन अँड रूट टेक्ससमधील कोलोरॅडो नदीवर मार्शल फोर्ड धरण बांधत होती. धरणास काँग्रेसची (तेथील संसदेस काँग्रेस म्हणतात) रीतसर मंजुरी मिळण्यापूर्वीच कंपनीने पैसा गुंतविला होता. ती मंजुरी मिळवून देण्यात या नवख्या सभासदाने मोलाची मदत केली. पुढे कॉर्पस क्रिस्टी येथील नौदलाच्या विमानतळाचे काम कंपनीस मिळाले आणि जॉन्सन यांच्या निवडणुकांना कंपनीचा पैसा मिळत गेला. या व्यवहाराला भ्रष्टाचार म्हणावे की मैत्री, हे ठरविणे सोपे नाही. मराठीतील 'लागेबांधे' हा शब्द त्यास चपखल बसतो. कोणी कोणाला लाच देत नाही. एकमेकांची कामे अडत नाहीत, एवढेच.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे, की व्हिएतनामचे मूळ कंत्राट केनेडी यांच्या काळात, १९६२ साली, दुसऱ्या दोन कंपन्यांना मिळाले होते. युद्ध वाढले तेव्हा, १९६५ मध्ये, ब्राउन अँड रूट व आणखी एक कंपनी त्यांना येऊन मिळाली. एवढे अवाढव्य काम पेलतील अशा कंपन्या अमेरिकेतही मोजक्याच होत्या. दोष होता तो कंत्राटाच्या स्वरूपात. जो खर्च होईल तो सरकारने भरून द्यावयाचा आणि वर ठरलेले मानधन द्यावयाचे, अशी ही पद्धत. युद्धभूमीवर सिमेंटच्या गोणीची किंमत आगाऊ ठरविता येत नाही, म्हणून ती सोयीची. परंतु हरवलेल्या गोणीचे पैसेही सरकारच देणार असल्यामुळे ती सांभाळण्याची निकड कंत्राटदारास राहत नाही. १९६७ मध्ये काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेबातील ढिलाईबद्दल आणि सामानाच्या चोऱ्यांबद्दल या संघावर ठपका ठेवला. तरीही काम चालू राहिले आणि १९७२ पर्यंत त्याचा आकडा सुमारे १९० कोटी डॉलरांवर गेला.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. जानेवारी १९६९ मध्ये जॉन्सन गेले, निक्सन आले. डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ता जाऊन रिपब्लिकन पक्षाची आली. कंत्राट मात्र गेले नाही. रम्सफेल्ड निक्सन यांच्या शासनात दाखल झाले. कंत्राटाविरुद्धची तक्रार प्रामाणिक असेलही, पण ती एका पक्षाची होती, आणि तो पक्ष सत्तेवर येताच तिचा आवाज क्षीण झाला.

लागेबांधे केवळ पैशाचेच असतात असे नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकांवर हल्ला झाल्याचे सांगून जॉन्सन यांनी काँग्रेसकडे व्यापक अधिकार मागितले. सिनेटमध्ये तो ठराव मांडला परराष्ट्रसंबंध समितीचे अध्यक्ष विल्यम फुलब्राइट यांनी. ते जॉन्सन यांचे पक्षबंधू आणि जुने मित्र. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांना शंका आली; या ठरावाचा अर्थ मोठे जमिनीवरील युद्ध असा होऊ नये, अशी उपसूचना त्यांनी पुढे केली. मित्राच्या शब्दावर विसंबून फुलब्राइट यांनी त्यांचे समाधान केले व उपसूचना बाजूस पडली. ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी, तर प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. विरोध करणारे दोघे, वेन मोर्स व अर्नेस्ट ग्रूनिंग, हेही डेमोक्रॅटच होते. १९६८ च्या निवडणुकीत दोघांनीही आपल्या जागा गमावल्या. ज्या दुसऱ्या हल्ल्याच्या वार्तेवर ठराव आधारलेला होता, तो झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले.

फसगत उमगल्यावर फुलब्राइट यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये आपल्या समितीपुढे युद्धाची जाहीर सुनावणी सुरू केली आणि ती दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविली गेली. सोव्हिएत विस्ताराला आवर घालण्याच्या धोरणाचे जनक जॉर्ज केनन यांनीच तेथे सांगितले, की व्हिएतनाममध्ये अमेरिकेचा इतका जीवनमरणाचा संबंध नाही. केनन यांची साक्ष चालू असताना एका प्रमुख दूरचित्रवाणी कंपनीने जुन्या विनोदी मालिकेचा भाग दाखविला. तिच्या वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी त्यावरून राजीनामा दिला.

अध्यक्षांच्याच पक्षातील माणूस अध्यक्षांची अशी उलटतपासणी कशी करू शकतो, असा प्रश्न भारतीय वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. आपल्याकडे सरकार लोकसभेच्या विश्वासावर उभे असते, पक्षादेश मोडणे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सदस्यत्वावर बेतते. अमेरिकेत अध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतो. सिनेटने त्याचा प्रस्ताव फेटाळला तरी त्याचे सरकार पडत नाही. म्हणून स्वपक्षीयांविरुद्ध मत देण्याची किंमत तेथे वेगळी असते. ती कमी असते, असे मात्र नाही. मार्क हॅटफील्ड ओरेगॉनचे रिपब्लिकन गव्हर्नर असताना १९६६ च्या गव्हर्नर परिषदेत युद्धाला पाठिंबा देणाऱ्या ठरावास विरोध करणारे ते एकटेच होते. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असलेल्या या गृहस्थाने अणुबाँबनंतरचे हिरोशिमा डोळ्यांनी पाहिले होते.

यानंतरच्या काळात सिनेटच्या कामकाजात जोडनावे दिसू लागतात. कूपर-चर्च, मॅकगव्हर्न-हॅटफील्ड, केस-चर्च. प्रत्येक जोडीत एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. ही योजना हेतुपुरस्सर होती: एकट्या पक्षाच्या नावाने उपसूचना आली की तिला निवडणुकीचा डाव म्हणता येई, जोडनावाने तो आरोप बोथट होई. केंटकीचे जॉन शर्मन कूपर हे १९५५-५६ मध्ये भारतातील अमेरिकेचे राजदूत होते. मृदुभाषी, रिपब्लिकन पक्षातही आदराने ऐकले जाणारे. आयडाहोचे फ्रँक चर्च त्यांच्याहून पुष्कळ तरुण. दोघांनी युद्धाच्या तात्त्विक वादाला हात न घालता पैशाची दोरी धरली. काँग्रेसने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून डॉलर निघत नाही. तेव्हा अमुक देशात सैन्य पाठविण्यास हा पैसा वापरता येणार नाही, एवढेच लिहावयाचे.

३० एप्रिल १९७० रोजी निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घुसविल्याचे जाहीर केले. ४ मे रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. ३० जून रोजी कूपर-चर्च उपसूचना सिनेटमध्ये ५८ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर झाली. प्रतिनिधिगृहाने ती नाकारली. तिचे सौम्य रूप जानेवारी १९७१ मध्ये कायदा झाले. सर्व सैन्य ठराविक मुदतीत परत आणावे, अशी मॅकगव्हर्न-हॅटफील्ड उपसूचना १ सप्टेंबर १९७० रोजी ५५ विरुद्ध ३९ मतांनी पडली. मतदानापूर्वी जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी आपल्या सहकाऱ्यांना सुनावले, की या सभागृहाला रक्ताची दुर्गंधी येते आणि येथील प्रत्येक सिनेटर त्यास अंशतः जबाबदार आहे. अनेक सभासदांना ते झोंबले. सभ्यतेच्या मर्यादेचा भंग झाला असे त्यांना वाटले, तर ते समजण्याजोगे आहे; पण बोलणे खोटे नव्हते.

अखेर १९७३ च्या उन्हाळ्यात दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशाहून अधिक मतांनी १५ ऑगस्टनंतर व्हिएतनाम, लाओस व कंबोडियातील लष्करी कारवाईस पैसा बंद केला. या विजयाचे मोल जपूनच करावे लागते. पॅरिसचा करार जानेवारीत झाला होता, अमेरिकन सैन्य मार्चमध्येच परतले होते. ५८ हजारांहून अधिक अमेरिकन आणि लक्षावधी व्हिएतनामी माणसे मेली होती. दोरी खरी होती, पण ती आवळावयास नऊ वर्षे लागली.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी केली, तेव्हा संरक्षणमंत्री होते डोनाल्ड रम्सफेल्ड. तेलविहिरी दुरुस्त करण्याचे काम स्पर्धेची निविदा न मागविता केलॉग ब्राउन अँड रूट या कंपनीस देण्यात आले. हीच ती टेक्ससची जुनी कंपनी. १९६२ मध्ये ती हॅलिबर्टनने विकत घेतली होती, आणि त्या हॅलिबर्टनचे प्रमुखपद उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २००० पर्यंत भूषविले होते. आता प्रश्न विचारणारे डेमोक्रॅट होते आणि उत्तरे देणारे रिपब्लिकन. पुढे युद्ध अप्रिय झाले. व्हिएतनाममध्ये लढलेले नेब्रास्काचे रिपब्लिकन सिनेटर चक हेगल यांनी एप्रिल २००७ मध्ये सैन्य परत आणण्याची मुदत घालणाऱ्या विधेयकास मत दिले; त्यांच्या पक्षातून गॉर्डन स्मिथ एवढेच त्यांच्याबरोबर होते. विधेयक ५१ विरुद्ध ४६ मतांनी मंजूर झाले. १ मे रोजी अध्यक्ष बुश यांनी ते नाकारले. दुसऱ्या दिवशी तो नकार रद्द करण्याच्या बाजूने प्रतिनिधिगृहात २२२ व विरुद्ध २०३ मते पडली. दोन-तृतीयांश भरले नाहीत.

हिशेबांच्या चौकशीसाठी काँग्रेसने २००८ मध्ये दोन्ही पक्षांच्या नियुक्त्यांचा एक आयोग स्थापन केला. इराक व अफगाणिस्तानातील कंत्राटांत किमान ३१ अब्ज, कदाचित ६० अब्ज डॉलर उधळपट्टीत व अफरातफरीत गेले, असा अंदाज त्याने अखेरच्या अहवालात दिला. तो अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये बाहेर आला. स्वारीला तेव्हा आठ वर्षे उलटून गेली होती, आणि चार महिन्यांनी त्या मोहिमेतील सैन्याची शेवटची तुकडी इराकची सीमा ओलांडून कुवेतमध्ये गेली.